प्रस्तावना : यहुदी धर्माच्या इतिहासात शिरताना

अंबाजोगाईच्या योगेश्वरीला वर्षभर कोकणस्थ कुटुंबे दर्शनाला येत असतात. समुद्रकाठच्या लोकांची कुलस्वामिनी इतक्या लांब, बालाघाटाच्या डोंगरात कशी, हा प्रश्न बीड जिल्ह्यात बहुतेकांनी केव्हा ना केव्हा ऐकलेला असतो आणि त्याची दोन-तीन उत्तरेही ऐकलेली असतात. याच कोकणस्थांच्या उत्पत्तीची एक आख्यायिका अशी, की समुद्रातून चौदा प्रेते किनाऱ्याला लागली आणि परशुरामाने ती उठवली. त्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावला, आणखी एक समाज आपल्या उत्पत्तीची कथा याच आकड्याने सांगतो. जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेते वाचलेल्यांनी वाळूत पुरली. हा समाज म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. या दोन कथांचे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. कोणी कोणाची घेतली याचा निकाल मात्र कथांवरून लागत नाही. उत्पत्तीची कथा हा नेमका कशाचा पुरावा मानायचा, हा यहुदी धर्माच्या अभ्यासातला पहिला प्रश्न आहे आणि तो जेरुसलेमला जितका लागू आहे तितकाच नवगावलाही.

पुढची पाने वाचणारा म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आपल्या जिल्ह्यातला विद्यार्थी आहे, शिक्षक आहे, आणि खरे सांगायचे तर एखादा चौकस कीर्तनकारही आहे. आपल्याकडे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, नाही, यहुदी शेजार नाही. तरी विषय वाटतो तितका परका नाही. बीड शहरातल्या कोणत्याही मोहल्ल्यात इब्राहिम, मुसा, दाऊद, सुलेमान, युसूफ ही नावे हाकेसरशी कानावर येतात. जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत अब्राहाम, मोशे, दावीद, शलमोन, योसेफ मराठी बायबलातून भेटतात. माणसे तीच. ज्या परंपरेने ती प्रथम सांगितली, तिची ओळख तेवढी राहून गेली आहे.

ओळख राहून जाण्याचे एक कारण असे, की आपण यहुदी धर्माकडे ख्रिस्ती धर्माचा पूर्वार्ध म्हणून पाहतो. 'जुना करार' हे नावच तसे पाहायला लावते. जणू येशूच्या जन्माबरोबर या धर्माचे काम संपले. प्रत्यक्षात आज जो यहुदी धर्म आपण पाहतो, त्याची बहुतेक घडण त्यानंतरची आहे. दुसरे कारण वर्तमानपत्रांचे. पश्चिम आशियातल्या युद्धाच्या बातम्या वाचून एका राष्ट्राविषयी मत बनते आणि तेच मत नकळत तीन हजार वर्षांच्या परंपरेवर चिकटवले जाते. या दोन्ही सवयी बाजूला ठेवून पुढे वाचावे, इतकीच वाचकाकडून अपेक्षा आहे. राजकारणावर मत असू नये असे मी म्हणत नाही. ते मत म्हणजे या धर्माचा अभ्यास नव्हे, एवढेच.

माझे स्वतःचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. यहुदी धर्माचा इतिहास म्हणजे मुख्यतः आचार आणि ग्रंथ यांनी एकमेकांना गाठण्याचा इतिहास. आचार आधी होते, ग्रंथ मागून आला, मग ग्रंथाने आचारांना वळण लावले. पुढे आचारांनी ग्रंथाचा अर्थ बदलला. पश्चिम आशियात हे घडायला हजारभर वर्षे लागली आणि त्यातला मोठा भाग अंधारात आहे. कोकणात तीच प्रक्रिया दीडशे-दोनशे वर्षांत घडली, मराठी भाषेत घडली आणि छापील कागदाच्या उजेडात घडली. म्हणून या अभ्यासात मराठी वाचकाला जी सोय आहे, ती फार थोड्यांना असेल.

परंपरा आपली कथा अब्राहामापासून सांगते. एकच देव मानणारा हा माणूस आपला मुलूख सोडून कनान देशात येतो. त्याचा नातू याकोब, ज्याला इस्राएल हे नाव मिळते, बारा मुलांसह मिसर देशात जातो. वंशज तिथे गुलाम होतात, मोशे त्यांना सोडवून आणतो, सीनाय पर्वतावर देव करार करतो आणि आज्ञा देतो. ही कथा दर वसंतात वल्हांडण सणाच्या जेवणात घराघरांत पुन्हा सांगितली जाते आणि प्रत्येकाने ती स्वतःवर ओढवल्यासारखी सांगायची असते. धर्म म्हणून तिचे बळ तिथे आहे. इतिहास म्हणून पाहिले, तर अब्राहाम आणि मोशे यांच्याविषयी त्यांच्या काळातला एकही लेख हाती नाही. 'इस्राएल' हे नाव पहिल्यांदा दगडावर दिसते ते मर्नेप्ता या फेरोच्या शिलालेखात, इ.स.पू. 1208 च्या सुमारास. फ्लिंडर्स पेट्री यांना तो 1896 मध्ये सापडला. आपण कनानमध्ये कोणाकोणाला नामशेष केले याची फेरोने यादी दिली आहे आणि त्या यादीत इस्राएल नावाचा जनसमूह आहे. पहिलाच उल्लेख आणि तोही निर्वंश झाल्याची बढाई!

पुरातत्त्व सांगते, की हे लोक कनानच्या डोंगराळ भागात छोट्या वस्त्यांनी राहत होते आणि त्यांची भाषा, भांडी, घरे शेजाऱ्यांपेक्षा फार वेगळी नव्हती. देवधर्मही सुरुवातीला तितका वेगळा नसावा. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद नावाच्या ठिकाणी 1975-76 मध्ये उत्खनन झाले. तिथे इ.स.पू. 800 च्या सुमाराची मडकी मिळाली. त्यांच्यावर आशीर्वाद लिहिलेले आहेत, आणि ते यहोवाच्या नावाने आहेत. पण त्याच्या जोडीला अशेरेचेही नाव आहे. ही अशेरा देवी म्हणायची की तिच्या नावाचा पूजेचा खांब, यावर विद्वान अजून भांडतात. काहीही धरले तरी बायबलातले संदेष्टे ज्या गोष्टीवर एवढे संतापतात ती लोक खरोखर करत होते, एवढे त्या मडक्यांनी नक्की केले.

सणांचेही तसेच. वल्हांडण जवाच्या सुगीशी, सप्ताहांचा सण गव्हाच्या सुगीशी, मंडपांचा सण द्राक्षे आणि फळे उतरवण्याशी बांधलेला होता. पुढे या तिन्हींवर इतिहास चढला: मिसरमधून सुटका, सीनायवरची आज्ञा, वाळवंटातला मुक्काम. अंबाजोगाई-लातूरकडे येळवस साजरी करणाऱ्याला हे समजायला अडचण नाही. आपणही शेतात कडब्याची कोप करतो आणि त्या कोपीत पांडव मांडतो. भज्जी आणि आंबील शेताची, पांडव महाभारताचे. सात दिवस झावळ्यांच्या मांडवात जेवणारा यहुदी शेतकरी याच वाटेने मोशेपर्यंत पोचला.

इथून पुढे तारखा बऱ्यापैकी भक्कम होतात. दावीद आणि शलमोन यांच्या राज्याचे पुढे दोन तुकडे झाले. उत्तरेचे इस्राएल अश्शूरांनी इ.स.पू. 722 च्या सुमारास बुडवले. 'हरवलेल्या दहा वंशां'ची कथा इथून निघते आणि जगभरातल्या कितीतरी समाजांना, बेने इस्राएलांनाही, ती चिकटवून पाहण्यात आली. दक्षिणेचे यहूदा टिकले. तिथे योशीया राजाच्या काळात, इ.स.पू. 622 मध्ये, मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ 'सापडला' आणि राजाने त्याबरहुकूम गावोगावची पूजास्थाने मोडून सगळी उपासना जेरुसलेमच्या मंदिरात आणली, असे राजांचे दुसरे पुस्तक सांगते. हा ग्रंथ म्हणजे आजच्या 'अनुवाद' या पुस्तकाचा गाभा असावा, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. ग्रंथाने आचाराला हात घातल्याची ही पहिली मोठी नोंद. पण ते मंदिर फार काळ राहिले नाही. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेम जाळले आणि वरच्या वर्गातल्या लोकांना बाबेलला नेले.

देवळाशिवाय, राजाशिवाय, परमुलखात धर्म पाळायचा कसा, हा प्रश्न त्या काळातल्या कोणत्याही पराभूत जमातीपुढे होता. बहुतेकांनी जिंकणाऱ्याचा देव पत्करला. बाबेलमधल्या यहुद्यांनी उलटे केले. आपला देव हरला नाही, त्यानेच आपल्याला शिक्षा केली आणि बाबेलचा राजा हे त्याच्या हातचे हत्यार, असा अर्थ त्यांनी लावला. मग तो देव फक्त यहूदाचा कसा राहील? यशयाच्या पुस्तकाच्या उत्तरार्धात दुसरा देवच नाही असे जे ठणकावून म्हटले आहे, ते याच काळातले. एकेश्वरवाद विजयातून आला असे आपल्याला वाटते. यहुद्यांकडे तो पराभवाचा अर्थ लावताना पक्का झाला, आणि मला तरी हा या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

पर्शियाच्या कोरेशाने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल घेतले, यहुद्यांना परतू दिले, दुसरे मंदिर इ.स.पू. 515 च्या सुमारास उभे राहिले. एज्रा नावाच्या शास्त्र्याने लोकांना गोळा करून नियमशास्त्र मोठ्याने वाचून दाखवल्याची नोंद आहे. बायबल वाचणाऱ्याला वाटते, इथून पुढे सगळे यहुदी ग्रंथाप्रमाणे वागू लागले. इथे मिसरमधले एक बेट आडवे येते.

नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात पर्शियाच्या चाकरीत यहुदी शिपायांची वसाहत होती. त्यांचे कागद, म्हणजे पपायरसवरची पत्रे, करार, हिशेब, आपल्याला मिळाले आहेत. या लोकांचे स्वतःचे मंदिर होते, जेरुसलेमबाहेर मंदिर असू नये हा दंडक असताना. मंदिरासाठी गोळा केलेल्या वर्गणीच्या यादीत याहोबरोबर, म्हणजे यहोवाबरोबर, दुसऱ्या दैवतांची नावेही आहेत. मोशेचे नाव कुठे नाही, तोराचा, म्हणजे नियमशास्त्राचा, हवाला कुठे नाही. खापरावर लिहिलेल्या एका निरोपात उद्या शब्बाथला भाजी घेऊन नाव येते आहे, तिला गाठ, नाही तर याद राख, अशी धमकी आहे. म्हणजे शब्बाथ हा शनिवारचा विसाव्याचा दिवस ठाऊक आहे, पण त्या दिवशी काम करू नये याचा पत्ता नाही! इ.स.पू. 410 मध्ये हे मंदिर खनूम देवाच्या पुजाऱ्यांनी पाडवले. तेव्हा या लोकांनी यहूदाच्या अधिकाऱ्यांकडे मदतीचा अर्ज केला. आपण काही चुकीचे करतो आहोत असे त्यांच्या मनातही नव्हते.

योनातन ॲडलर या पुरातत्त्वज्ञाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच धागा ताणून विचारले आहे, की सामान्य यहुदी माणूस तोरा पाळत होता याचा पुरावा केव्हापासून मिळतो? त्यांचे उत्तर: इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आधी मिळत नाही. शुद्धीच्या स्नानाचे हौद त्यानंतरचे. तोराने पंख आणि खवले नसलेले मासे वर्ज्य सांगितले आहेत, पण जुन्या जेरुसलेमच्या उकिरड्यांत मांगुराच्या जातीच्या, बिनखवल्याच्या माशांची हाडे भरपूर सापडतात. सगळ्यांना हे पटलेले नाही. आचाराचा पुरावा न सापडणे आणि आचार नसणे यांत फरक आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण मासा लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा कोकणात भेटणार आहे.

ग्रीक काळ इथे थोडक्यात उरकतो, पुढे त्यावर स्वतंत्र विवेचन आहे. अलेक्झांड्रियात तोरा ग्रीकमध्ये गेली. इ.स.पू. 167 मध्ये ग्रीक राजा चौथा अंतियोख याने मंदिर बाटवले, मक्काबी घराण्याने बंड केले आणि इ.स.पू. 164 मध्ये मंदिर शुद्ध केले; हनुक्का हा सण त्याचा. परूशी, सदूकी, एसीन असे पंथ माजले आणि त्यांतल्या एका पंथाची ग्रंथशाळा 1947 पासून कुमरानच्या गुहांतून बाहेर येऊ लागली. येशू आणि त्याचे पहिले शिष्य याच भांडखोर, चर्चिक समाजातले यहुदी.

इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती तीतसने दुसरे मंदिर जाळले आणि ते पुन्हा उभे राहिले नाही. यज्ञ थांबले, पुरोहितांचे काम संपले. वेढ्यातल्या शहरातून योहानान बेन झक्काई नावाचे गुरू शवपेटीत लपून निसटले आणि त्यांनी यावने गावात पाठशाळा काढली, असे परंपरा सांगते. शवपेटीची गोष्ट खरी असो वा नसो, पाठशाळा खरी. ज्याला आज आपण यहुदी धर्म म्हणतो तो रब्बींचा, म्हणजे शास्त्र शिकवणाऱ्या गुरूंचा, धर्म तिथे घडू लागला. बळीऐवजी प्रार्थना, वेदीऐवजी घरातले जेवणाचे पान, पुरोहिताऐवजी शिकलेला माणूस. इ.स. 200 च्या सुमारास यहूदा हानासी यांनी मौखिक नियमांचा संग्रह केला, तो मिश्ना: सहा विभाग, 63 प्रकरणे. त्यावर गालीलमध्ये आणि बाबेलमध्ये पिढ्यान् पिढ्या वाद झाले आणि दोन तालमूद तयार झाले. बाबेलचा तालमूद सहाव्या शतकापर्यंत जवळजवळ पुरा झाला आणि तोच अधिक मान्य झाला.

तालमूद हे पुस्तक उघडून पाहण्यासारखे आहे, अक्षर न कळले तरी. पानाच्या मध्यभागी मूळ मजकूर, आतल्या बाजूला राशींचे भाष्य, बाहेरच्या बाजूला राशींच्या नातवांपासून पुढच्या टीकाकारांचे त्या भाष्यावरचे आक्षेप. राशी अकराव्या शतकातले, फ्रान्समधले. ही मांडणी व्हेनिसमध्ये 1520 ते 1523 या काळात डॅनियल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने कायम केली. आत काय आहे? निर्णय कमी आणि वाद जास्त. हिल्लेल या गुरूच्या घराण्याचे मत स्वीकारले गेले तरी त्याच्या विरोधातल्या शम्मईच्या घराण्याचे मत पुसले नाही, शेजारी ठेवले. हरलेले मत जपून ठेवणारे धर्मशास्त्र जगात फार नाही. आपल्याकडे वारकरी आणि महानुभावांच्या ग्रंथांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने या बाबतीत तालमूदकडून शिकावे असे बरेच आहे.

मध्ययुगात मूसा बेन मैमून, म्हणजे मायमोनिडीज (1138-1204), यांनी या अफाट शास्त्राची व्यवस्था लावली आणि श्रद्धेची तेरा तत्त्वे सांगितली. स्पेनमध्ये तेराव्या शतकाच्या अखेरीस झोहर हा गूढवादाचा ग्रंथ पुढे आला. 1492 मध्ये स्पेनने यहुद्यांना हाकलले, ते तुर्की मुलखात विखुरले आणि तिथल्या सफेद गावी राहून योसेफ कारो यांनी शुल्हान आरूख हा आचारसंहितेचा ग्रंथ सिद्ध केला. अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसीदी भक्तिपंथ उठला, जर्मनीत मोझेस मेंडेल्सोन यांनी प्रबोधनाचा रस्ता धरला आणि एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी, सनातनी, मध्यममार्गी असे आजचे तट पडले. विसाव्या शतकात नाझींनी साठ लाख यहुदी मारले. 1948 मध्ये इस्राएलचे राज्य झाले. यातल्या प्रत्येक वाक्यावर ग्रंथालये भरली आहेत, मी मुद्दाम भरभर चाललो, कारण मला भारताकडे वळायचे आहे. मायमोनिडीजच्या नावावरच्या एका पत्रात भारतातल्या यहुद्यांचा उल्लेख आहे: त्यांना तोरा ठाऊक नाही, शब्बाथ आणि सुंता तेवढी ठाऊक आहे. हे नेमके कोणत्या भारतीय यहुद्यांविषयी आहे ते सिद्ध झालेले नाही. पण वर्णन ओळखीचे आहे.

कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावे गावांवरून पडली: केहिमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, झिराडकर. शब्बाथ का पाळायचा याचे शास्त्र त्यांच्याजवळ नव्हते, पण शनिवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही हे पक्के होते. आता 'अनुवाद' पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडून पाहा. शब्बाथच्या आज्ञेत कोणी विसावा घ्यायचा त्याची यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, आणि नाव घेऊन बैल. ज्यांच्याकडे ते पुस्तक नव्हते त्यांनी त्यातला बैल सांभाळला होता.

मुलग्यांची आठव्या दिवशी सुंता होई. हिब्रूतला 'शेमा' हा एकेश्वराचा मंत्र तेवढा मुखोद्गत होता. जन्म असो, लग्न असो, मयत असो, तोच म्हणायचा. सणांची नावे मराठी होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दार बंद करून उपास धरण्याचा दारफळणीचा सण, वालाचे बिरडे खाऊन पाळायचा बिरड्याचा सण. हा शेवटचा म्हणजे मंदिर जळाल्याच्या दुःखाचा दिवस. मंदिराचे नावनिशाण विसरले गेले असेल, पण त्या दिवसाचे बिरडे विसरले गेले नाही. नवस फेडायला एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे, फळे यांचा मलिदा होतो. तो आजही होतो, इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या घरांतही. एलियाहूच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात आणि एलियाहूच्या नावाच्या सणाला 'उरूस' म्हणत. दुसरीकडे विधवेचा पुनर्विवाह टाळणे, गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे भेद करून आपसात रोटीबेटी न करणे, हेही त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतले. आपण समाजांच्या मेळाचे गोडवे गातो तेव्हा ही बाजूही सांगितली पाहिजे.

परंपरा सांगते, की कोचीनचे डेव्हिड रहाबी यांना हे लोक यहुदी असल्याचा संशय आला. त्यांनी बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि बायकांनी बिनखवल्याचे मासे बाजूला काढले. जुन्या जेरुसलेममध्ये जो मासा खाल्ला गेला, तो कोकणात पानाबाहेर राहिला! रहाबींनी झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांत काजी नेमले असे म्हणतात. रहाबी केव्हा आले याविषयी परंपरा फार मागे जाते, संशोधक मात्र त्यांना अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात आणि मला तेच पटते. लेखी पुरावाही त्याच शतकातला आहे: 1738 मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने आणि 1768 मध्ये कोचीनच्या एझिकेल रहाबी यांनी आपल्या पत्रांत या तेल काढणाऱ्या यहुद्यांविषयी लिहिले.

ते कोकणात आले केव्हा? हनुक्का त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून ते इ.स.पू. 164 च्या आधी निघाले असले पाहिजेत, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो लंगडा आहे. ज्यांच्याकडून तोराही निसटली त्यांच्याकडून एक सण निसटला, यावरून तारीख काढता येत नाही. समाजाचे इतिहासकार हायम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये पूर्ण केलेला इंग्रजी ग्रंथ 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. आचारांची माहिती म्हणून तो अमोल आहे, कालनिर्णयासाठी जपून वापरावा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पश्चिम आशियाई यहुदी आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारांचा मेळ दाखवला. समाजाची स्मृती पोकळ नव्हती, एवढे त्यातून ठरते.

मग ग्रंथ आला. इंग्रजी फौजेतले अधिकारी सॅम्युएल एझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधले. कोचीनचे यहुदी शिकवायला आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. हेतू धर्मांतराचा होता, फळ भलतेच मिळाले: व्याकरण शिकून बेने इस्राएल अधिक पक्के यहुदी झाले. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. 1874 च्या पुण्यातल्या हग्गादेत लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. योसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. अलिबागच्या इस्राएल आळीत 1848 मध्ये मागेन अबोथ सिनेगॉग उभे राहिले.

आणि 1880 च्या सुमारास यहुदी कीर्तन सुरू झाले. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, आर्या, मागे झांजा, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. ज्या जिल्ह्यात गल्लोगल्ली सप्ताह बसतात तिथल्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. एज्राने जे काम जेरुसलेमच्या चौकात केले ते मुंबईच्या बेने इस्राएलांनी नारदाच्या गादीवरून केले: लोकांना त्यांचाच ग्रंथ त्यांच्या कानांना रुचेल अशा चालीत ऐकवला. त्यातून जुने आचार बदलले. शेजाऱ्यांकडून आलेल्या काही रीती गळाल्या, हनुक्का आला, सणांना हिब्रू नावे आली. पुढे 1925 मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन निघाली आणि युरोपातला सुधारणावादही याच समाजात पोचला. जे तिकडे अडीच हजार वर्षांत झाले त्याची छोटी आवृत्ती इथे चार-पाच पिढ्यांत झाली.

तरी शेवटचा सामना बाकी होता. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा निर्देश 1962 मध्ये तिथल्या प्रमुख रब्बींच्या कचेरीतून निघाला. ग्रंथ नसताना यांच्या पूर्वजांनी काडीमोड शास्त्राप्रमाणे केले असतील कशावरून, ही शंका. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले आणि रब्बींना माघार घ्यावी लागली. शनिवारी बैल सोडणाऱ्याला यहुदी म्हणायचे, की तालमूदप्रमाणे काडीमोड लिहिणाऱ्याला? एलिफंटाईनच्या शिपायांना हा प्रश्न कोणी विचारला नाही. माझ्या मते दोघांनाही म्हणायचे, आणि या धर्माच्या इतिहासाची व्याख्या दोघे मावतील एवढी रुंद ठेवायची.

विसाव्या शतकाच्या मध्याला वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज बहुतांशी इस्राएलला गेला. तिथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

या पुस्तकाची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. नवख्याने आधी मराठी बायबलातले 'अनुवाद' संपूर्ण आणि 'राजे, दुसरे पुस्तक' यातले 22 आणि 23 हे अध्याय वाचावेत, मग बेने इस्राएलांवरचा भाग आणि त्यानंतर तालमूदचा. अलिबागला जाणे जमले तर इस्राएल आळीतले सिनेगॉग आणि नवगावची जुनी दफनभूमी पाहावी. सिनेगॉगमध्ये जाताना डोके झाकावे, आणि शनिवार टाळावा, तो प्रार्थनेचा दिवस आहे. आणखी एक विनंती. एकोणिसाव्या शतकातल्या यहुदी कीर्तनांच्या आणि प्रार्थनांच्या मराठी पुस्तिका आज फार दुर्मीळ आहेत. जुन्या सार्वजनिक वाचनालयांत, घरच्या पोथ्यांच्या बासनात, रद्दीच्या गठ्ठ्यात एखादी निघाली, तर ती फेकू नका. पहिल्या पानाचा फोटो काढा आणि जवळच्या विद्यापीठाच्या मराठी किंवा इतिहास विभागाला कळवा.